थ्री नॉट थ्री ते एके-२०३: आधी काडतूस बघा

मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. त्यामुळे खानापूर, चंदगड, निपाणीकडच्या एकेका घरात आजोबा थ्री नॉट थ्री रायफलीचे, वडील एसएलआरचे आणि मुलगा इन्सासचा, असा हिशोब सहज लागतो. कुठली रायफल चांगली यावर कट्ट्यावर वाद रंगतो, पण तो बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने सुरू होतो. आधी काडतूस बघावं. रायफल त्याच्याभोवती बांधलेली असते.

थ्री नॉट थ्री म्हणजे ०.३०३ इंच, साधारण ७.७ मिलिमीटर. दुसऱ्या महायुद्धातल्या तिच्या गोळीचं वजन ११.३ ग्रॅम आणि वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर. हे काडतूस वापरणाऱ्या ली-एनफिल्ड रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा दांडा, हाताने ओढायचा, मॅगझिनमध्ये १० राउंड (काडतुसं), तेही पाच-पाचच्या दोन क्लिपांनी वरून भरायचे. कसलेल्या जवानाकडून मिनिटाला १५ नेमके फायर अपेक्षित असत. हिची खोड काडतुसाच्या बुडाशी आहे. तिथे बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. ती मागे राहिली, तर बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि राउंड चढत नाही. अशा वेळी बोल्टवर जोर काढून उपयोग नसतो. मॅगझिन उतरवायचं, राउंड काढून पुन्हा नीट भरायचे.

१९६२ मध्ये चिन्यांकडे आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या आणि आपले जवान प्रत्येक गोळीला बोल्ट ओढत होते. त्या युद्धानंतर ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्डचीच ७.६२ × ५१ ची (पहिला आकडा नळीच्या मापाचा, दुसरा पुंगळीच्या म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये) आवृत्ती निघाली, २ए आणि पुढे २ए१. जुन्या थ्री नॉट थ्रीची नळी बदलून ती केली, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. ती नव्याने, अधिक मजबूत पोलादात घडवलेली रायफल होती, मॅगझिन १२ राउंडचं. २ए१ चं मागचं साइट ८०० मीटरपर्यंतच आखलेलं आहे, जुन्या थ्री नॉट थ्रीवर २००० यार्डांचे आकडे असत. फौजेत नेम धरण्याला ‘शिस्त घेणं’ म्हणतात, जुन्या मराठीतही शिस्त धरूनच गोळी मारत. पण २००० यार्डांवर एकट्या माणसाची शिस्त कुणी घ्यायची?

एसएलआरवर माझा जीव आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त. सेल्फ लोडिंग रायफल, बेल्जियन एफएएल रायफलीच्या घराण्यातली, मॅगझिन २० राउंडचं. गोळी नळीतून जाताना थोडा गॅस वरच्या सिलिंडरमध्ये येतो, पिस्टनला धक्का देतो आणि बोल्ट मागे जातो. किती गॅस वापरायचा ते रेग्युलेटरवर ठरतं. गॅस कमी पडला तर बोल्ट पुरता मागे जात नाही: पुंगळी बाहेर पडत नाही, किंवा पडली तरी पुढचा राउंड उचलला जात नाही. मग घाईने रेग्युलेटर पूर्ण बंद करून सगळा गॅस पिस्टनवर सोडला, तर रायफल चालते, पण खांद्याला दणका वाढतो आणि भाग लवकर झिजतात. रेग्युलेटरला हात लावण्याआधी पिस्टनवरची काजळी बघावी, कारण रोक, म्हणजे अडथळा, बऱ्याचदा तिथेच असते. पिस्टन आणि सिलिंडर फायरच्या वेळी कोरडे हवेत. तिथे तेल राहिलं की ते जळून आणखी काजळी धरते.

इन्सासचं डिझाइन पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचं. ५.५६ × ४५ चा एक राउंड साधारण १२ ग्रॅमचा, एसएलआरचा ७.६२ × ५१ चा २४ ग्रॅमचा. शंभर राउंडांमागे सव्वा किलोच्या आसपास ओझं उतरलं, आणि डोंगर चढणाऱ्याला त्याची किंमत सांगावी लागत नाही. रायफल मात्र चार किलोंच्या वरच राहिली. प्लॅस्टिकच्या अर्धपारदर्शक मॅगझिनमधून उरलेले राउंड दिसायचे. तेच मॅगझिन १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तडकलं. रायफली अडकणं आणि फायर करणाऱ्याच्या डोळ्यांत तेल उडणं या तक्रारीही आल्या. आणखी एक मर्यादा होती: एका दाबात तीनच गोळ्या, सलग फायर नाही. दहशतवाद्यांशी जवळून लढणाऱ्या तुकड्या एके-४७ पसंत करत, यात नवल नव्हतं.

आता एके-२०३ अमेठीजवळ कोरव्यात बनते. डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून जास्त रायफलींचा करार झाला. वजन ३.८ किलो, मॅगझिन ३० राउंडचं, परिणामकारक पल्ला ३०० मीटर. सीमेवर लांबच्या माऱ्यासाठी सिग ७१६ ही अमेरिकन रायफल घेतली, २०१९ मध्ये ७२,४०० आणि २०२४ मध्ये आणखी ७३,०००.

इथे गावाकडचे एसएलआरवाले म्हणतात, ‘आमची ७.६२ परत आली.’ सिगच्या बाबतीत ते बरोबर आहे, तिचा राउंड ७.६२ × ५१ च. एके-२०३ चा मात्र ७.६२ × ३९. पुंगळी १२ मिलिमीटरने आखूड, राउंड सुमारे १६ ग्रॅमचा, आणि आकार पुढे निमुळता होत गेलेला, म्हणून तर एकेचं मॅगझिन केळ्यासारखं वाकडं. खुद्द गोळीचा व्यासही सारखा नाही: ५१ वाल्याचा ७.८२ मिलिमीटर, ३९ वाल्याचा ७.९२.