बसचा मार्ग कोणाला विचारून ठरावा?

सोलापूर शहराच्या वाहतूक आराखड्यावर नागरिकांची मते ऐकण्यासाठी आज झालेल्या बैठकीला मी उपस्थित होतो. उड्डाणपूल आणि पार्किंग यांवर भरपूर बोलणे झाले, परंतु विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून तयार विड्या कारखान्यात जमा करायला निघणाऱ्या आणि रिक्षाभाड्यात मजुरीचा मोठा भाग गमावणाऱ्या महिलांपैकी एकही तेथे दिसली नाही. बैठक कामाच्या दिवशी भर सकाळी ठेवली, तर त्या येणार तरी कशा? अक्कलकोट रोडवरील यंत्रमाग कामगारांची पाळीही त्याच वेळी चालू असते.

'वाहने नव्हे, माणसे हलवा' हे तत्त्व राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने 2006 मध्येच स्वीकारले आणि तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद तर राज्यघटनेतच आहे. पुण्यात 2006 पासून नागरिक आपल्या भागातील कामे अंदाजपत्रकासाठी सुचवतात. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने हा प्रयोग 1989 मध्येच सुरू केला होता. मला त्यातील पैशाचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण निधी आधीच वाटला गेला असेल, तर नंतर मागवलेल्या सूचनांना काहीच अर्थ उरत नाही.

म्हणून पुढील बैठक रविवारी, विडी घरकुलातच घ्यावी आणि कोणत्या रस्त्याला किती रक्कम प्रस्तावित आहे, हे मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दूत आधी लावावे, अशी लेखी मागणी मी आज दिली आहे. आपणही द्यावी, ही विनंती.