जुन्या 070 चेनसॉची बांधणी आणि अडकलेला पिस्टन : माझा अनुभव

जुन्या चेनसॉसाठी पिस्टन परदेशातून मागवणार असाल, तर पैसे भरण्याआधी ऑर्डरवरचं तुमचं नाव आणि आधार कार्डावरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतं का ते बघा. इंजिनाचं मागाहून सांगतो. इंजिनाने मला फारसं छळलं नाही. छळलं ते एका पार्सलने, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

मशीन श्टील कंपनीचं 070. 106 सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक 58 मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव 40 मिमी. वाळपईच्या बाजूला एका लाकडाच्या वखारीत 'ओढत नाही' म्हणून कोपऱ्यात टाकलेलं होतं. हल्लीची मशीनं हलकी आणि भराभर फिरणारी. हे जड आहे, सावकाश फिरतं, पण फणसाच्या जुन्या खोडात बार (चेन फिरते ते लांब पातं) पूर्ण बुडाला तरी दम सोडत नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात झाडं पडून रस्ते बंद झाले, तेव्हा छोटी मशीनं जाड खोडात तापून बंद पडताना मी बघितली होती. तेव्हापासून असं मशीन माझ्या डोक्यात होतं.

सिलिंडर उतरवल्यावर दुखणं लगेच दिसलं. एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टन खरवडलेला आणि त्याचं ॲल्युमिनियम बोअरला चिकटलेलं. साखळी गावात एक लेथवाले बाब आहेत. खाणीच्या ट्रकांवर हात बसलेला माणूस. 2012 साली खाणी बंद झाल्या, पण त्यांनी लेथ विकला नाही. त्यांनी बोअरमधून नख फिरवलं आणि म्हणाले, "पुता, हें बोअर करूंक जमचें ना." कारण साधं आहे. जुन्या स्कूटरला बिडाचा स्लीव्ह असतो, तो बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालता येतो. या सिलिंडरला ॲल्युमिनियमवर थेट हार्ड क्रोमचा थर आहे. तो कापला की सिलिंडर गेला. म्हणजे क्रोम साफ करायचा आणि मूळ मापाचाच पिस्टन आणायचा.

साफ करताना बाथरूमचं ॲसिड अजिबात वापरू नका. हायड्रोक्लोरिक ॲसिड ॲल्युमिनियमबरोबर क्रोमही खातं. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि क्रोमला हात लावत नाही. पाण्यात विरघळवून, कापसाच्या बोळ्याने, फक्त डाग असेल तिथे लावायचा. पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडेला ॲल्युमिनियम उघडं असतं, तिथे तो जाऊ द्यायचा नाही. हातमोजे आणि चष्मा हवेतच.

स्वस्त किट इथे ऑनलाइन मिळतात. एक हातात घेऊन बघितलं. रिंगची पिन सैल होती आणि कडा खरबरीत. ज्या मशीनवर एवढी मेहनत घ्यायची त्यात असला पिस्टन घालायला माझं मन तयार झालं नाही, म्हणून चांगल्या प्रतीचा बाहेरून मागवला.

पार्सल मुंबईपर्यंत झटपट आलं आणि तिथेच बसलं. कुरियरचा निरोप आला, 'केवायसीमध्ये नाव जुळत नाही.' माझ्या आडनावातला 'श' जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाने 'एक्स'ने लिहिलेला आहे. जन्मदाखल्यावरून आधार झालं, म्हणून आधारवरही 'एक्स'. पॅन आणि बँकेचं कार्ड कॉलेजच्या कागदांवरून झालं, तिथे 'एसएच'. ऑर्डर बँकेच्या कार्डाने केली, तेव्हा पार्सलवर 'एसएच'. गोव्यात हे घरोघरी आहे. बापाचं आडनाव एका स्पेलिंगने, मुलाचं दुसऱ्या. इथल्या कुठल्याही सरकारी टेबलावर हे सांगितलं की समोरचा मान डोलावतो. मुंबईतल्या माणसाला ते दोन वेगळे इसम वाटले.

मी पॅन कार्ड पाठवलं, कारण त्यावरचं नाव पार्सलशी हुबेहूब जुळत होतं. फॉर्मने ते घेतलं नाही. पहिल्यांदा आधार टाकलं असल्यामुळे तोच कागद नोंदवला गेला होता आणि बदलायची सोय नव्हती. हेल्पलाइनवर म्हणाले, जवळच्या शाखेत जा. शाखेत गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, आम्ही फक्त डिलिव्हरी करतो, केवायसी ऑनलाइन." पुन्हा हेल्पलाइन. तिथे दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा. एकाने सुचवलं की नाव कायदेशीर बदलून घ्या. गोव्यात त्यासाठी 1990 चा कायदा आहे हे मलाही माहीत आहे. पण माझं नाव चुकलेलंच नाही, तर बदलू कशाला?

त्यातच दुसरी हरकत निघाली. पाठवणाऱ्याने वर्णनात नुसतं 'चेनसॉ' लिहिलं होतं. मशीन आहे की भाग, नवं की वापरलेलं, विकायला की स्वतःसाठी, असे प्रश्न आले. चेनसॉच्या सुट्या भागांना 8467 91 हा वेगळा शुल्क क्रमांक आहे. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की वर्णनात 'पिस्टन व रिंग, चेनसॉचा सुटा भाग, वैयक्तिक वापर' आणि हा क्रमांक लिही. मी नंतर त्याच्याकडून दुरुस्त बिल मागवलं, ते त्याने लगेच दिलं. त्या परक्या माणसाला माझी अडचण एका ईमेलमध्ये कळली.

शेवटी काम झालं ते प्रतिज्ञापत्राने. डिचोलीला नोटरीकडे 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र केलं. त्यात दोन्ही स्पेलिंग इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, आणि कुठलं स्पेलिंग कुठल्या कागदावर आहे तेही. मग आधार, पॅन, प्रतिज्ञापत्र आणि दुरुस्त बिल अशी सगळी पानं एकाच फाइलमध्ये जोडून चढवली, कारण फॉर्मला एकच फाइल चालते. वेगवेगळ्या पाठवल्या की आधीची पुसली जाते, हे कुठेही लिहिलेलं नाही. मग शुल्क भरा असा निरोप आला. त्या बिलात गोदामभाडंही होतं, म्हणजे त्यांच्याच फॉर्ममुळे पार्सल पडून राहिलं त्या दिवसांचं भाडं. मी ते भरलं, कारण न भरता पार्सल परत गेलं असतं. पण लेखी हरकत नोंदवली, आणि तुम्हीही नोंदवा.

तोवर पाऊस उंबरठ्यावर आला होता. आमच्याकडच्या दमट हवेत उघड्या क्रँकला गंज चढायला वेळ लागत नाही. वाट बघत बसायची वेळ आली तर क्रँक आणि बेअरिंगवर टू-टी ऑइल सढळ ओता आणि इंजिनाचं उघडं तोंड कापडाने घट्ट बांधा.

त्या दिवसांत बाकीची कामं उरकली. ठिणगी देणारे पॉइंट साफ केले, गॅप 0.4 मिमी ठेवली, कंडेन्सर नवा घातला. टिलॉटसन कार्ब्युरेटरचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) पापडासारखा कडक झालेला, तोही बदलला. पंपावरच्या आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. पिस्टन का खरवडला हे शोधल्याशिवाय नवा घालू नका. इनटेक आणि एक्झॉस्ट टायरच्या ट्यूबच्या रबराने बंद करून मी आत हवा भरली. त्यासाठी रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि काटा पुरतो. 300 चा आकडा म्हणजे 0.4 बार दाब. साबणाचं पाणी लावलं तर फ्लायव्हीलच्या बाजूच्या ऑइल सीलवर बुडबुडे. तिथून बाहेरची हवा आत जात होती, पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ होत होतं, पिस्टन तापून चिकटला होता. दोन्ही सील मापाने मिळाले, साधे न घेता उष्णता आणि पेट्रोल सोसणाऱ्या व्हायटन रबराचे घेतले. मग उलट, आतली हवा ओढूनही तपासलं, कारण काही सील दाबाला टिकतात आणि ओढीला सोडतात. ब्रेक ब्लीड करायचा हातपंप त्यासाठी चालतो.

पिस्टन आल्यावर बसवणं एका बैठकीत झालं. स्क्विश, म्हणजे पिस्टन पूर्ण वर असताना त्याच्या कडेला आणि सिलिंडरच्या डोक्याला राहणारी फट, मोजायला स्पार्क प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून क्रँक फिरवला, पिस्टन पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंनी. 1.1 मिमी आला. खालचं 0.5 चं गॅस्केट काढून सीलंटवर बसवलं, 0.6 झाला. कॉम्प्रेशन वाढलं ते दोरी ओढतानाच हाताला कळतं. सिलिंडर खाली आला की एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर पोर्ट (जळलेला वायू बाहेर आणि ताजं मिश्रण वर नेणारे) थोडे उशिरा उघडतात, पण या सावकाश फिरणाऱ्या इंजिनाला ते चालतं. एक्झॉस्ट पोर्ट मी उंच केला नाही, रुंदीला किंचित वाढवला. बोअरच्या 60–65 टक्क्यांपलीकडे रुंदी नेली तर रिंग पोर्टमध्ये अडकू शकते. कापलेल्या क्रोमच्या कडा गोल केल्याच पाहिजेत, नाहीतर थर सोलून निघतो.

मला बरेच जण म्हणाले, 090 चा 66 मिमीचा सिलिंडर बसव, स्ट्रोक तोच आहे, 137 सीसी होईल. होतं ते. पण मला चालणारं 070 हवं होतं, आणि 106 सीसी फणसाला पुरून उरतं.

सायलेन्सरचं तोंड मोठं केलंत तर कार्ब्युरेटरचा 'एच' स्क्रू (पूर्ण वेगाला पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा) थोडा उघडावाच लागतो, नाहीतर मिश्रण पुन्हा पातळ. लाकडाबाहेर पूर्ण रेसवर आवाज अडखळता हवा आणि लाकडात शिरताच साफ व्हायला हवा. पेट्रोलमध्ये ऑइल 1:25, म्हणजे 5 लिटरला 200 मिली.

पावसात आमच्या वाड्यावरचा आंबा रस्त्यावर आडवा झाला तेव्हा 070 ने खोड न थांबता कापलं आणि दुपारच्या आत बस सुटली. उभं झाड मात्र वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय मी कापत नाही, 1984 चा कायदा आहे. आणि या मशीनला चेन ब्रेक, म्हणजे झटका बसला की चेन थांबवणारा ब्रेक, नाही. ते मागायला बरेच येतात. मी मशीन देत नाही, स्वतः जाऊन कापून देतो.