फेटरमन स्मारक: आधी किल्ला, मग धार, फलक शेवटी

माउंट रशमोर पाहून यलोस्टोनकडे निघालात, की वायोमिंगमध्ये आय-९० वर बफलोच्या पुढे साधारण १५ मैलांवर एक्झिट ४४ लागतो. लाकोटा, शायेन आणि अरापाहो या मूलनिवासी जमातींशी लढताना अमेरिकी लष्कराच्या कॅप्टन फेटरमनची अख्खी तुकडी जिथे मारली गेली, तिथल्या स्मारकाकडे इथूनच जातात. बफलोलाच यूएस-१६ धरला तर हे ठिकाण हुकतं. त्यापेक्षा शेरिडनवरून रँचेस्टर गाठा आणि तिथून यूएस-१४ ने पुढे जा.

आधी फोर्ट फिल कार्नी. माँटानातल्या सोन्याकडे जाणाऱ्या बोझमन वाटेच्या रक्षणासाठी कर्नल कॅरिंग्टनने जुलै १८६६ मध्ये तो लाकोटांच्या शिकारीच्या मुलखात बांधला. १८६८ च्या तहानंतर लष्कराला तो सोडावा लागला आणि शायेन लोकांनी जाळून टाकला. मूळ लाकूडकाम उरलेलं नाही. ओंडक्यांच्या तटाचा थोडा भाग नव्याने उभा केलाय. तिथे उभं राहून उत्तरेला लॉज ट्रेल रिज नावाची डोंगरधार नीट पाहून घ्या. २१ डिसेंबर १८६६ ची लढाई तिच्या पलीकडे झाली, म्हणून किल्ल्यावर गोळीबार ऐकू आला, पण दिसलं काहीच नाही.

स्मारक तिथून काही मैलांवर, जुन्या हायवे ८७ लगतच्या टेकडीवर आहे. गोल दगडगोट्यांच्या या स्तंभाचं लोकार्पण १९०८ मध्ये झालं. फलकाकडे लगेच वळू नका. स्मारकाच्या धारेवरची पायवाट आधी उत्तरेकडे चालून या. लढाईत सगळ्यात पुढे तुकडीबरोबरचे दोन नागरिक होते, त्यांच्याकडे एकदा भरून लागोपाठ बार काढता येणाऱ्या हेन्री रायफली. मध्ये घोडदळ, तशाच स्पेन्सर कार्बाइन घेऊन. स्मारकाजवळ पायदळ, आणि त्यांच्या हातात तोंडाकडून भरायच्या बंदुका. दारू-गोळी नळीत टाकायची, गजाने ठासायची, मग चापाखाली ठिणगीची छोटी स्फोटक टोपी बसवायची. सरावलेला शिपाईसुद्धा मिनिटाला जेमतेम तीन बार काढणार. चहूबाजूंनी बाण येत असताना हे उभ्याने करायचं! आडोसा म्हणून मोजके खडक, बस्स. आमच्या मते इथली खरी माहिती या जमिनीच्या उतारातच आहे.

आता फलक वाचा. त्यावर तीन अधिकारी, ७६ शिपाई आणि चार नागरिक लिहिलेत. नागरिक दोनच होते, एकूण मृत ८१. फलकावरचं ‘कोणीही वाचलं नाही’ हे फक्त लष्करापुरतं खरं. लाकोटा, शायेन आणि अरापाहो योद्धे शेकड्यांनी जिवंत परतले. लाकोटा नेता रेड क्लाउडच्या नेतृत्वाचा फलकावरचा दावाही तसाच घेऊ नये. तो त्या दिवशी मैदानात होता की नाही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. शिपायांचा मान राखावा, पण फलक हा एकाच बाजूने लिहिलेला इतिहास आहे, एवढं लक्षात ठेवाच.

धारेवर सावली नाही, वारा सतत. पाणी बरोबर घ्या, बंद बूट घाला, उन्हाळ्यात गवतात पाय टाकताना रॅटलस्नेक सांभाळा. माहिती केंद्राच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, त्या आधी तपासा. इथे कबरी शोधू नका. १८८८ मध्ये अवशेष माँटानातल्या लिटल बिगहॉर्नच्या लष्करी स्मशानभूमीत हलवले गेले. त्यासाठी आय-९० ने उत्तरेला एक्झिट ५१० पर्यंत जावं लागतं.