बुधवारची सकाळ आणि पासबुकाचा प्रिंटर

सांगलीतील एका पतसंस्थेच्या संगणकांची देखभाल गेली अनेक वर्षे माझ्याकडे आहे. या कामात मला सर्वाधिक छळणारा प्रश्न व्हायरसचा नाही आणि जुन्या यंत्रांचाही नाही. विंडोजची अपडेट्स बंद करून टाका, असा जो आग्रह कार्यालयात वरपासून खालपर्यंत सगळे धरतात, त्याला रोज उत्तर देणे मला फार जड जाते. या आग्रहामागचे कारण मला कळते, कारण १५ सप्टेंबर २०२१ चा बुधवार मीही पाहिला आहे.

आदल्या दिवशी गौरी-गणपतीचे विसर्जन झाले होते. जुलैच्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेले होते, आणि घर-दुकान सावरण्यासाठी ठेवी मोडणाऱ्या सभासदांची वर्दळ दोन महिने उलटले तरी ओसरली नव्हती. सणामुळे राहिलेली कामे घेऊन त्या सकाळी बरीच मंडळी आली. साडेदहाच्या सुमारास दुसऱ्या काउंटरवरच्या मॅडमनी हाक मारली, "सर, पासबुक प्रिंट होईना. काल तर चालत होतं की!"

आमच्याकडे पासबुकासाठी एकच डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता. तो यूएसबी केबलने पहिल्या काउंटरच्या संगणकाला जोडलेला आणि तिथून दुसऱ्या काउंटरला शेअर केलेला होता. पहिल्या काउंटरवरून छपाई व्यवस्थित होत होती, दुसरीकडून मात्र काहीच येत नव्हते. केबल पाहिली, छपाईची कामे रांगेत लावणारा विंडोजचा स्पूलर बंद करून पुन्हा सुरू केला, प्रिंटर काढून टाकून नव्याने जोडायला गेलो, तेव्हा शेवटी '११बी' असलेला एक एरर क्रमांक पडद्यावर आला. मी तो पूर्वी कधीच पाहिला नव्हता. माझ्या खांद्यामागे मार्केट यार्डातले एक वयस्कर हमाल पासबुक उघडून, पान दुमडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभे होते. रक्कम त्यांना मिळाली होती, पण नोंद छापून घेतल्याशिवाय ते जाणार नव्हते, आणि त्यांचे बरोबरच होते.

मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वेळेनुसार सकाळी दहाला येतात. उन्हाळी वेळ असताना आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. म्हणून तिकडचा मंगळवार आपल्याला बुधवारी, नेमका कामाच्या वेळी भेटतो. त्या बुधवारी पहिल्या काउंटरच्या संगणकाने उघडल्याबरोबर नवे अपडेट घेतले होते. ते काढून टाकले आणि दुपारी बाराच्या पुढे छपाई सुरू झाली. गुरुवारी सकाळी ते आपोआप पुन्हा बसले आणि प्रिंटर पुन्हा अडला. व्यवस्थापक साहेब म्हणाले, "हे अपडेट कायमचंच बंद करून टाका." त्या क्षणी माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हते.

उत्तर शोधायला संध्याकाळ गेली. प्रिंटर शेअर करणारा संगणक आणि छपाई मागणारा संगणक यांच्यातील संवादात सुरक्षेची एक त्रुटी होती. तिच्यावरील दुरुस्ती जानेवारी २०२१ मध्येच आली होती, परंतु तिची सक्ती सप्टेंबरच्या अपडेटने लागू झाली. ती दोन्ही बाजूंना असणे आवश्यक होते. आमच्या दुसऱ्या काउंटरचा संगणक तपासला, तर कोणीतरी "नेट स्लो होतंय" म्हणून त्याची अपडेट्स वर्षभरापूर्वीच बंद केलेली आढळली. एक यंत्र पुढे गेले होते, दुसरे मागे राहिले होते आणि त्यांचे बोलणे तुटले होते. सर्व अपडेट्स असलेल्या संगणकांवरही त्या आठवड्यात अनेकांना हाच त्रास झाला, हे मी नाकारत नाही; पण आमच्याकडचे कारण आम्हीच निर्माण केलेले होते.

रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोज आपल्या अंतर्गत सेटिंग्ज जिथे साठवते तिथल्या, एका नोंदीची किंमत शून्य केली की ही सक्ती उठते. मी ती शून्य केली, कारण शुक्रवारी पुन्हा लोकांना उभे करणे मला शक्य नव्हते. मात्र त्यामुळे ती त्रुटी उघडी पडते, हे कागदावर लिहून साहेबांची सही घेतली. नंतर मागे राहिलेला संगणक रात्री थांबून अद्ययावत केला, दुसऱ्या काउंटरला स्वतंत्र पासबुक प्रिंटर मागून घेतला, लेझर प्रिंटर शेअरिंगमधून काढून थेट कार्यालयाच्या नेटवर्कवर (लॅनवर) त्यांच्या स्वतःच्या आयपी पत्त्याने जोडले आणि ती नोंद पूर्ववत केली. प्रिंटरच्या मंजुरीला लागलेला वेळ तांत्रिक कामापेक्षा कितीतरी जास्त होता, त्याविषयी अधिक लिहीत नाही.

अपडेट्स बंद ठेवण्याचा आग्रह मी का मानत नाही, हे साहेबांना सांगताना मी वॉनाक्राय या, फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचे उदाहरण दिले. ज्या त्रुटीतून तो पसरला तिची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी आली होती आणि हल्ला १२ मे रोजी झाला. जवळजवळ दोन महिने औषध उपलब्ध होते, आणि ज्यांनी ते घेतले नव्हते त्यांच्या फाइल्स कुलूपबंद झाल्या. सभासदांच्या ठेवींच्या नोंदी ज्या संगणकांत आहेत, त्यांच्या बाबतीत एवढा धोका पत्करणे मला पटत नाही.

आता सर्व संगणकांवर अपडेट एकदम बसत नाही. माझा संगणक आणि पहिला काउंटर ते आधी घेतात, बाकीच्यांवर ते विंडोजमधील 'पॉलिसी' सेटिंगने, म्हणजे धोरणाने, सात दिवस पुढे ढकललेले असते. दोन संगणकांवर विंडोजची होम आवृत्ती असल्यामुळे हे धोरण लावता येत नाही. तिथे मी दर महिन्याला अपडेट्सना हाताने विराम देतो. दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी मी साडेआठला कार्यालयात पोहोचतो. शिपाई मामा शटर उघडतात, मी पहिला काउंटर सुरू करतो, अपडेट पूर्ण होऊन यंत्र रीस्टार्ट होईपर्यंत थांबतो आणि एका रद्द पासबुकाच्या पानावर एक ओळ छापून पाहतो.