लॉगिन होतंय, पण यादी येत नाही

भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून सकाळी फोन आला. आदल्या संध्याकाळी त्यांचा जुना फाइल सर्व्हर आणि फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) म्हणून राबवलेला त्याहून जुना पीसी काढून मी दोन्ही जागी नवं लिनक्स बसवलं होतं. ऑफिसातले संगणक मजेत चालू होते. सीएनसी मशीन, म्हणजे प्रोग्रॅमप्रमाणे कापकाम करणारं यंत्र, मात्र सर्व्हरवरून प्रोग्रॅम उचलेना.

"लॉगिन होतंय साहेब, यादीच येत नाही," ऑपरेटर काका म्हणाले. अर्धं निदान तिथेच झालं.

मशीनच्या कंट्रोलरला एफटीपीशिवाय, म्हणजे फाइली पाठवण्याच्या जुन्या प्रोटोकॉलशिवाय, काही येत नाही. या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा 1971 चा, आयआयटी कानपूरहून एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी लिहिलेला. आज चालतो तो मुख्यतः 1985 चा. हुकूम सर्व्हरच्या 21 नंबरच्या पोर्टवर (म्हणजे दारावर) जातात, यादी आणि फाइल वेगळ्या जोडणीवरून येतात. जुन्या ॲक्टिव्ह पद्धतीत तर मशीन फक्त आपला पत्ता कळवतं आणि सर्व्हर आपणहून त्याच्याकडे जोडणी करतो. मध्ये फायरवॉल असेल हे 1971 त कुणाच्या गावीही नव्हतं.

नेटवर्कवरचं बोलणं दाखवणारा टीसीपीडम्प लावला. मशीन म्हणत होतं: 192,168,20,15,4,210. पहिले चार आकडे पत्त्याचे. उरलेल्या दोनांचं गणित, 4 गुणिले 256 अधिक 210, म्हणजे पोर्ट 1234. सर्व्हर इमानेइतबारे तिकडे पॅकेट पाठवत होता आणि फायरवॉल ते गिळत होती. नियम बरोबरच होता: मशीनच्या नेटवर्ककडे बाहेरून कुणी जोडणी सुरू करायची नाही.

मग जुन्या पीसीवर इतकी वर्षं कसं चाललं? त्यातल्या लिनक्सचा गाभा, म्हणजे जुना कर्नल, 21 वरचं बोलणं चोरून ऐकायचा आणि सांगितलेल्या पोर्टपुरती वाट मोकळी करायचा. कर्नलच्या 2016 च्या 4.7 आवृत्तीपासून हे आपोआप होणं बंद झालं, कारण तीच युक्ती वापरून कुणी लबाड फायरवॉलला भोक पाडू शकतो. मला हा निर्णय पटतो. पण लॉगमध्ये एक ओळ तरी पडायला हवी होती! असं ऐकून वाट मोकळी करणारा हेल्पर, म्हणजे एफटीपीचं कनट्रॅक मॉड्यूल, चढवला आणि फायरवॉलच्या रॉ टेबलमध्ये (नियमांच्या एका तक्त्यात) नियम लिहिला: मशीनच्या नेटवर्कवरून या एकाच सर्व्हरच्या 21 वर जाणाऱ्या जोडणीलाच हेल्पर लावायचा. यादी आली.

काकांनी प्रोग्रॅम उघडला. सगळा एकाच ओळीत!

हे मात्र मला अनपेक्षित होतं. मशीन एस्की मोड मागतं, म्हणजे फाइल साधा मजकूर म्हणून मागतं; त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ ही ओळ संपल्याची दोन्ही चिन्हं हवीत. सर्व्हरवर एफटीपी सांभाळणारा व्हीएसएफटीपीडी त्यावर 200, म्हणजे ठीक, म्हणतो, एस्कीत आलो म्हणून कळवतो, आणि फाइल आहे तशीच सोडतो. मूळ सेटिंगच तसं आहे. त्याच्या नमुना कॉन्फिगमध्ये तर या एस्की प्रकाराला सरळ भयंकर म्हटलंय. असेलही, पण तोंडावर हो म्हणून काम न करणारा सर्व्हर शोधायला सगळ्यात अवघड. एस्कीची डाउनलोड आणि अपलोड, दोन्ही सेटिंग चालू केली, सर्व्हिस पुन्हा सुरू केली. ओळी सुट्या झाल्या.

काकांचा तरीही विश्वास नव्हता, आणि तेच बरोबर. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, न लावता, टूल उंच ठेवून त्यांनी सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ) प्रोग्रॅम हवेतच चालवला. एकेक ब्लॉक, एका हाताचं बोट चाल थांबवणाऱ्या फीड होल्ड बटणावर. तेवढा वेळ शेठ माझ्या शेजारी उभे.

"एफटीपीत पासवर्ड उघडा जातो म्हणे?"

"जातो. मशीनला टीएलएस, म्हणजे गुप्त करून पाठवणं, माहीतच नाही."

म्हणून मशीनचं नेटवर्क इंटरनेटपासून पूर्ण तोडलं, त्या खात्याला प्रोग्रॅमचा फोल्डर फक्त वाचता येईल असा ठेवला, आणि मशीनवरून परत येणाऱ्या फाइलींसाठी निराळा फोल्डर दिला. शेठ म्हणाले, हे सगळं लेखी द्या, उद्या तुम्ही नसलात तर? हेल्परच्या नियमासकट एका पानावर लिहून दिलं. काकांनी ते लॅमिनेट करून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलंय.