छबिलदासचा हॉल

प्रायोगिक नाटकांच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी 'छबिलदास चळवळ' म्हणतं आणि मग विजय तेंडुलकर, सत्यदेव दुबे, महेश एलकुंचवार अशी नावांची माळ सुरू होते. मी प्रकाशयोजना करते, त्यामुळे माझ्या डोक्यात आधी हॉल येतो.

दादर पश्चिमेला, बटाटेवड्याच्या गल्लीतली छबिलदास मुलांची शाळा. सुलभा देशपांडे तिथे शिक्षिका होत्या. 'रंगायन' या नाट्यसंस्थेतून बाहेर पडून अरविंद देशपांडे, सुलभाताई आणि अरुण काकडे यांनी १९७१ मध्ये 'आविष्कार' ही नाट्यसंस्था काढली. सुरुवात केली 'तुघलक'सारख्या अवाढव्य नाटकाने! पण दर वेळी मोठं थिएटर घ्यायचं म्हटलं तर अशा संस्थेचं कंबरडंच मोडायचं. १९७४ पासून शाळेचा हॉल मिळाला आणि 'आविष्कार'ने तो इतरांनाही खुला ठेवला. दुबेंचं 'थिएटर युनिट', अमोल पालेकरांचं 'अनिकेत', सगळे तिथे नाटकं करू लागले. मला हेच फार मोठं वाटतं. एरवी आपल्याकडे जागा मिळाली रे मिळाली की आधी कुलूप लागतं.

शाळेच्या हॉलमध्ये नाटक करायचं म्हणजे नेपथ्य सुटसुटीतच हवं. दोन लेव्हल्स म्हणजे उंचवटे, चार ठोकळे, संपलं. बादल सरकारांचं 'जुलूस' पालेकरांनी तिथे केलं. नट थेट प्रेक्षकांमध्ये घुसणारं नाटक ते, प्रेक्षकांपासून दूर, कमानीच्या चौकटीतल्या रंगमंचावर त्याचं काय होणार?

छबिलदास माझ्या वाट्याला आलं नाही. नव्वदीच्या सुरुवातीला ती जागा सुटली आणि 'आविष्कार' माहीमच्या पालिका शाळेत गेली. मी दिवे लावायला शिकले ते तिथे. छत बुटकं, त्यामुळे स्पॉट जरा खाली आला की पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या थेट डोळ्यांत. मग तो बाजूला, जवळजवळ आडवा लावायचा आणि डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची कळ, निम्म्यावर ठेवायचा. नटाचा अर्धा चेहरा अंधारात जातो, पण प्रेक्षक इतका जवळ असतो की पापणी हललेलीही त्याला कळते. मोठ्या थिएटरात मी हे करायला गेले तर मागच्या रांगेतून 'लाइट!' अशी आरोळी येईल.

काकडेकाका २०१९ मध्ये गेले. त्यांच्यासारखं वर्षानुवर्षं तारखा, परवानग्या, भाडी सांभाळणारं माणूस आता कुठून आणायचं, ठाऊक नाही. नवी नाट्यगृहं बांधा म्हणून निवेदनं देत बसण्यापेक्षा संध्याकाळी रिकाम्या असणाऱ्या शाळांच्या हॉलच्या किल्ल्या मागाव्यात, असं माझं मत. वॉचमनचा ओव्हरटाइम आम्ही देऊ. दिवेही आमचेच.