बेसिनखालचे पाईप दिसू देत

आज आईकडच्या बाथरूममधलं बेसिनखालचं कपाट काढून टाकलं. प्लायवूड फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते, अँगल कॉकच्या (बेसिनचं पाणी बंद-चालू करायच्या भिंतीवरच्या छोट्या कॉकच्या) नटाभोवती पांढरा क्षार जमला होता. गळती कधीपासून होती कोण जाणे, दार बंद असल्यावर दिसणार कशी?

प्लंबरकाकांनी जुना पन्हळी वेस्ट पाईप काढला. त्याच्या वळ्यावळ्यांत केस आणि साबणाचा चिकट गाळ! तिथे आता 32 मिमीचा क्रोमचा बॉटल ट्रॅप बसलाय. खालची वाटी हाताने फिरवून काढायची, गाळ धुवायचा, परत बसवायची. त्यात साठून राहणारं पाणीच गटाराचा वास अडवतं. घर बरेच दिवस बंद राहिलं की ते आटतं आणि वास येतो.

इंटिरियरवाले सगळंच झाकायला सांगतात. भिंतीतल्या लाइनी झाकल्या तर ठीक, टाइल्स लावायच्या आधी त्यांची प्रेशर टेस्ट, म्हणजे दाबाने पाणी भरून गळतीची तपासणी, करता येते (करून घ्याच). पण बेसिनखाली सांधेच सांधे असतात, तिथे मला उघडं कामच पटतं. आईने या वयात वाकून टॉर्च मारत का बसावं? फिनेलच्या बाटल्यांसाठी उद्या भिंतीवर स्टीलचा रॅक लावतोय.